धार्मिक कारणाला शून्य गुण

सुरतेतल्या वेसूच्या चकचकीत भागात बसणाऱ्या एका संस्थेला एके दिवशी साक्षात्कार झाला, की लिंबायतमधल्या पोरींचं आपल्या शरीरावर प्रेम नाही. संस्थेचं नाव 'स्व-दर्पण'. तिथे खाण्याच्या विकारांवर आणि देहप्रतिमेवर काम करणारे तज्ज्ञ होते, आणि तज्ज्ञ म्हटलं की त्यांना काम लागतं. वेसूतल्या पोरी तपासून संपल्या असाव्यात. मग कुणीतरी नकाशावर रुळांच्या पलीकडे बोट ठेवलं.

लिंबायतला ही बातमी नवीनच होती. नळाला पाणी किती वाजता येतं, लूमची पाळी किती वाजता सुटते, कोणत्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, हे इथल्या बायांना तोंडपाठ होतं. आपल्या शरीरावर प्रेम करायचं राहून गेलंय, हे मात्र त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सांगायला आल्या डॉ. पौरवी देसाई. वय चाळिशीच्या आसपास, खादीचा कुर्ता, आवाज गोड, आणि हाताचं मनगट असं की हात वर केला की कडं थेट कोपराकडे धावत जायचं. खान्देशातून आलेल्या लोकांच्या लिंबायतसाठी म्हणून त्यांनी एक मराठी वाक्य खास पाठ केलं होतं: "तुम्ही जशा आहात तशाच सुंदर आहात." पहिल्याच दिवशी त्यांनी ते सरलाबाईला ऐकवलं. सरलाबाई तेव्हा घामाने निथळत परातीत पीठ मळत होती. हे कुणाला म्हणताहेत ते बघायला तिने आधी मागे वळून पाहिलं. मागे गॅसची टाकी होती.

सरलाबाई अमळनेरकडची. लग्न करून सुरतेला आली तेव्हा नवरा योगराज उधन्याच्या डाइंग मिलमध्ये होता आणि ती चार गाववाल्यांचे डबे करायची. आता तिच्या मेसमध्ये दोन वेळचे मिळून चाळीस-बेचाळीस कामगार जेवत होते. मेसचा एकच कडक नियम होता. जेवण झालं की ज्याचं त्याने ताट आणून मोरीपाशी तिच्यासमोर ठेवायचं. परस्पर खरकटं टाकायचं नाही. सरलाबाई ताटाकडे एक नजर टाकायची आणि माणसाची कुंडली वाचायची. लूमवरच्या धुडकूने अर्धी भाकरी ठेवली, म्हणजे ताप येणार. कुणी डाळीला हात लावला नाही, म्हणजे गावाहून बायकोचा फोन आला. दोनदा तर तिने ताट बघून माणसाला दवाखान्यात पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा कावीळ निघाली होती. तिला स्वतःच्या या विद्येचा भारी अभिमान होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

याहून मोठा अभिमान होता तो पोरीचा. हर्षदा एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या श्रावणात तिने सोमवार धरले. सरलाबाईने गल्लीभर सांगितलं. मग गुरुवार धरले. मग वैभवलक्ष्मीचे शुक्रवार आले, मारुतीचे शनिवार आले, देवीचे मंगळवार आले. मधे चतुर्थ्या आणि एकादश्या होत्याच. साबुदाणा नको, भगर नको, केळं नको, नुसतं पाणी. उरला बुधवार आणि रविवार, आणि त्या दिवशी ती जेवायला बसली तरी सवय मोडल्यासारखी भाकरीचे नखाएवढे तुकडे करत बसायची. "पोट लहान व्हयी गयं तिनं," सरलाबाई म्हणायची, आणि त्यातही तिला पुण्यच दिसायचं. गल्लीतल्या बाया आपापल्या पोरींना हर्षदाचं उदाहरण द्यायच्या. त्या पोरी हर्षदाच्या नावाने काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीपासून हर्षदाची पाळी येईनाशी झाली. सरलाबाईने अशक्तपणा म्हणून काढा करून दिला. तो कुंडीतल्या तुळशीने प्यायला. मग सरलाबाईला वाटलं, पोथीला बसायला दर महिन्याची अडचण नको, म्हणून देवानेच सोय केली असेल. बेचाळीस माणसांची ताटं वाचणारी बाई घरातल्या एका पोरीपुढे इतकी आंधळी कशी झाली, हे कुणी विचारू नये. कौतुक चालू असलं की माणसाला कमी दिसतं.

सगळ्या उपक्रमाचं लिंबायतकडून यजमानपण होतं भूपेंद्रकडे. भूपेंद्र समाज मंडळाचा उपाध्यक्ष होता आणि त्याला अध्यक्ष व्हायचं होतं. त्यामुळे लिंबायतमध्ये जे काही घडायचं ते त्याच्या फोटोसकट घडायचं. मंडळाचा हॉल त्याने दिला, त्रेसष्ट पोरी त्याने जमवल्या आणि प्रश्नावली वाटायच्या आधी ती मागून घेऊन वाचलीही. 'तुम्ही जेवण टाळता का?' या प्रश्नाशी तो अडला.

"मॅडम, हमारे में उपास मतलब श्रद्धा," तो म्हणाला. "कल को कोई बोला कि संस्था हमारे देव को बीमारी बोलती है, तो बॅनर मेरेकोच उतारना पडेगा."

तज्ज्ञ कोपऱ्यात जाऊन अर्धा तास बोलले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोठा शोध लागल्याचं तेज होतं. संस्कृतीचा आदर केला पाहिजे, असं त्यांचं ठरलं होतं. जेवण टाळण्याचं कारण 'वजनाची भीती' असेल तर तीन गुण, 'भूक लागत नाही' असेल तर दोन, आणि 'धार्मिक' असेल तर शून्य. जितके गुण जास्त तितका आजार मोठा. पौरवीबेननी हा बदल स्वतःच्या हाताने प्रश्नावलीत लिहिला. भूपेंद्रने त्या लिहिण्याचा फोटो काढून घेतला.

गल्लीतल्या कलाबाईच्या पोरीने, चंचलने, प्रामाणिकपणे लिहिलं, की मांड्या जाड आहेत, आरशात बघितलं की राग येतो आणि कधी कधी रात्रीची भाकरी टाळते. तिला एकोणीस गुण मिळाले आणि समुपदेशनाच्या तीन बैठका लागल्या. चंचल तिन्ही बैठकांना लोचो खात खात गेली आणि तशीच परत आली. हर्षदाने प्रत्येक जेवण टाळण्यापुढे 'धार्मिक' अशी खूण केली. तिला शून्य गुण मिळाले. त्रेसष्ट पोरींत सर्वांत निरोगी पोरगी ती ठरली.

मग व्हायचं तेच झालं. संस्थेला पोस्टरसाठी एक मुलगी हवी होती, 'स्व-दर्पण सखी', जिच्याकडे बघून बाकीच्यांनी आपल्या शरीरावर प्रेम करायला शिकायचं. फोटोग्राफरने हर्षदाला उजेडात उभं केलं आणि खूश होऊन म्हणाला, की गालांची हाडं काय सुंदर येताहेत. सगळ्या देहांना समान मानणाऱ्या संस्थेने असा त्रेसष्टांतला सगळ्यांत बारीक देह शोधून काढला, मोठा केला आणि त्याखाली छापलं: 'मी जशी आहे तशी.'

सत्काराचा दिवस शुक्रवारचा. आधी पाहुण्यांचं जेवण, मग कार्यक्रम. जेवण सरलाबाईचं, हॉलच्या मागच्या पडवीत. तिने जीव ओतला होता. भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी, नागलीचे पापड, ठेचा. वाढायला हर्षदा. उपास असला की ती दुसऱ्यांना फार प्रेमाने वाढायची, नको म्हटलं तरी वाढायची, आणि लोक तो हात बघतच राहायचे.

पौरवीबेन जेवणाची स्तुती करत होत्या. भरिताला वांगं कोणतं, भाजायचं कशावर, भाकरीत उडीद किती. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत त्यांच्या हातात भाकरीचा एक तुकडा असायचा, आणि उत्तर आलं की तो ताटात परत जायचा. भूपेंद्र म्हणाला, मॅडमना आपलं जेवण फारच आवडलं. खरंच तसं वाटत होतं.

पाहुण्यांनी ताटं तशीच ठेवून उठावं, असं भूपेंद्रने सांगून ठेवलं होतं. म्हणून ती सरलाबाईनेच उचलली. पहिली दोन ताटं स्वच्छ होती. तिसरं पौरवीबेनचं. ती सवयीने एक नजर टाकून पुढे जाणार होती, आणि जागीच थांबली.

ताटात जेवण झाल्याचा देखावा मांडलेला होता. भरीत कडेकडेने पसरलं होतं. भाकरीचे नखाएवढे तुकडे भाजीत बुडवून ठेवले होते आणि वर मोडलेला पापड होता. गोळा करून पाहिलं तर वाढलं होतं तेवढं सगळं जागच्या जागी होतं. सरलाबाईने असं ताट आयुष्यात फक्त एकाच माणसाचं पाहिलं होतं. दर बुधवारी पाहिलं होतं. दर रविवारी पाहिलं होतं. पाहून 'पोट लहान झालं' म्हणाली होती आणि कौतुकाने हसली होती.

ते ताट तसंच हातात घेऊन ती नळाकडे गेली. पौरवीबेन हात धूत होत्या.

"बेन, आज तुमारा कौनसा उपास है?"

"उपास? अरे नहीं मासी, मैंने तो पेट भरके खाया. भरीत तो एकदम..."

सरलाबाईने ताट त्यांच्यासमोर धरलं.

"मेरी लडकी भी ऐसाच जेवती है," सरलाबाई म्हणाली.

पौरवीबेननी नळ बंद केला, हात कोरडे झाल्यावरही रुमालाने पुसत राहिल्या, आणि हॉलच्या दाराकडे पाहत हळूच म्हणाल्या, "मुझे पहले दिन ही पता चल गया था."

"कैसे?"

"देखके. हम लोग एक दूसरे को पहचान लेते हैं, मासी."

"मग बोल्या का नाही?" सरलाबाईचं हिंदी संपलं.

"फॉर्म में झीरो था ना." एवढं बोलून त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. त्या खाली बघत म्हणाल्या, "उसकी तरफ उंगली करती, तो कोई मेरी तरफ भी देखता. बीस साल से किसी ने नहीं देखा."

सरलाबाईच्या अंगाची आग झाली. या बाईला खाली पाडून तिच्या तोंडात भाकरी कोंबावी असं वाटलं. आणि त्याच वेळी वाटलं, की हिने निदान पाहिलं तरी. मी आई असून नुसता काढा करून देत बसले. राग कुणावर काढावा ते तिला कळेना, म्हणून तिने ताट दणकन खाली ठेवलं.

"आता काय करू? धरून जेवू घालू तिला?"

"नहीं. जबरदस्ती बिलकुल नहीं." पौरवीबेन एकदम ताठ झाल्या. "महिना आता है उसको?"

"दिवाळीपासून बंद."

"चक्कर? ठंड लगती है?"

"मार्च महिन्यात स्वेटर घालती ना, बघतच आहे तुम्ही."

"तो आज ही हॉस्पिटल. खून की जाँच, दिल की जाँच. इतने दिन भूखे रहने के बाद एकदम खिलाना भी खतरनाक होता है. कल नहीं मासी, आज. अभी." गेल्या तीन महिन्यांत लिंबायतमध्ये बाई पहिल्यांदाच तज्ज्ञासारखं बोलली होती.

तोवर आत भूपेंद्रने माइक हातात घेतला होता. खान्देशची कन्या, श्रद्धा आणि सौंदर्याचा संगम, वगैरे. मागे सहा फुटी पोस्टर. स्टेजवर हर्षदा शालीची वाट बघत उभी होती, गर्दीने भरलेल्या हॉलमध्ये बाह्या बोटांपर्यंत ओढून. समोर त्या सगळ्या बाया बसल्या होत्या ज्यांना सरलाबाईने एकेक करून उपासांची यादी ऐकवली होती. त्यांतल्या दोघींच्या घरी लग्नाचे मुलगे होते. दोघींनीही हर्षदाबद्दल विचारणा केली होती, ती याच उपासांमुळे. आता स्टेजवर जायचं म्हणजे स्वतःच्या हाताने उभारलेलं सगळं स्वतःच्याच हाताने पाडायचं होतं. सरलाबाई दारात थांबली. फार वेळ नाही, पण थांबली. हे तिचं तिला पुढे कधीच विसरता आलं नाही.

मग ती ओल्या हातांनीच स्टेजवर चढली आणि भूपेंद्रच्या हातातून माइक घेतला.

"मनी पोर उपास नही करत," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी बोलली. "ती आजारी शे. तुम्हले मीच खोटं सांगं. माले समजनंच नही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कलाबाई शेजारणीला म्हणाली, की मी तर आधीपासून सांगत होते. ती काहीही सांगत नव्हती. भूपेंद्रने माइकवर हात ठेवून सुचवलं, "मावशी, आधी सत्कार उरकून घेऊ, आजाराचं नंतर बघू. फोटोवाला थांबलाय." हर्षदाचा चेहरा पोस्टरपेक्षा पांढरा पडला होता. "मम्मी, शुं करे छे तुं?" ती ओरडली. गुजरातीत, कारण मराठीत ओरडली असती तर ते आपलंच भांडण समजून सगळे मधे पडले असते.

सरलाबाईने तिचा दंड धरला. दंड तिच्या मुठीत पुरा मावला, बोटांवर बोटं चढली. हे तिला याआधीही कळता आलं असतं, पण सगळ्या गल्लीला जिचं कौतुक सांगितलं त्या पोरीला तिने कित्येक महिन्यांत जवळ घेतलं नव्हतं.

रिक्षात तिघी बसल्या तरी जागा उरली. हर्षदा वाटभर बाहेरच्या बाजूला तोंड करून होती. "आज शुक्रवार आहे," एवढं एकदा म्हणाली, "उपास मोडायला लावशील तर देवी बघून घेईल." पौरवीबेन फोनवर कुणा डॉक्टरशी भराभर बोलत होत्या. सरलाबाईला त्यातलं काही कळत नव्हतं. आपली पोर मरेल का, एवढंच तिला विचारायचं होतं, आणि ते विचारायची हिंमत होत नव्हती.

हॉस्पिटलमधली सिस्टर अमरावतीकडची निघाली. "पेशंट कोण?" तिने विचारलं.

सरलाबाईने दोघींकडे बोट केलं.

"नहीं नहीं, मैं डॉक्टर हूँ," पौरवीबेन घाईने म्हणाल्या.

"असू दे," सरलाबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणून वेगळं लिवा. पेशंट म्हणून वेगळं लिवा."

सिस्टरने अशा पुष्कळ वराती पाहिल्या असाव्यात. तिने मुकाट्याने दोन कागद काढले, आणि वयाने मोठी म्हणून आधी पौरवीबेनना विचारलं, "शेवटचं जेवण कधी?"

"आज दोपहर को. अच्छे से खाया." वीस वर्षांच्या सवयीने उत्तर आपोआप आलं.

"खोटं," हर्षदा म्हणाली.

तिघीही तिच्याकडे बघायला लागल्या.

"नाही जेवल्या त्या. मी वाढत होते ना. एक घास नाही खाल्ला. रेसिपी विचारत होत्या नुसती." तिच्या आवाजात चहाडीचा सूर नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याची चूक दाखवावी तसं ती बोलत होती. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

पौरवीबेन स्टुलावर बसल्या. "सही बोल रही है," त्या म्हणाल्या. "लिखिए सिस्टर. नहीं खाया. कल भी नहीं."

सिस्टरने लिहिलं. मग हर्षदाकडे वळली. "अन् तू वं बाई? तू कधीपासून?"

हर्षदाने आईकडे पाहिलं नाही. ती पौरवीबेनकडे बघत राहिली. त्या सुंदर वगैरे काही म्हणाल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या.

"आखाजीच्या सणापासून," हर्षदा म्हणाली. "पारोळ्याचे पाहुणे मला बघायला आले होते. त्यांच्यातली आत्या म्हणाली, मेसचं अर्धं जेवण पोरगीच संपवते वाटतं. सगळे हसले." तिने बाह्या बोटांवर ओढल्या. "मम्मी पण हसली."

सरलाबाईला ती दुपार आठवली. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून ती हसली होती, आणि हसता हसता त्या आत्याच्या ताटात तिने आणखी दोन पुऱ्या वाढल्या होत्या. पोरगी दाराशी उभी होती, एवढं आठवत होतं. तिचा चेहरा आठवत नव्हता, कारण तेव्हा तिने तो पाहिलाच नव्हता.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पाहुण्यांपुढे मुलीच्या आईला हसावंच लागतं, मनात तसं काही नव्हतं, एवढ्याशा गोष्टीचं एवढं. यातलं एकही तिच्या तोंडून निघालं नाही.

"हाव," ती म्हणाली. "हसले मी."

हर्षदा रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. सरलाबाई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, पण हात लावायला धजली नाही. पौरवीबेननी कुर्त्याची बाही वर सारली. सिस्टरने सुई काढली आणि विचारलं, रक्त आधी कुणाचं घेऊ, आणि हर्षदाने नाक पुसत हात पुढे केला.